अर्ध्या फळीचे वकील

चिंतामणराव घांगुर्डे वकिलांनी उभ्या आयुष्यात हॉटेलात एक घास खाल्लेला नाही, आणि त्यांच्या घरी शिजणारा एकही घास हॉटेलवाल्यांच्या फीवाचून शिजत नाही.

ठाकुरद्वारला आमची इमारत. पहिल्या मजल्यावर त्यांचं ऑफिस आणि बिऱ्हाड, दुसऱ्यावर आम्ही. त्यांच्या ऑफिसाच्या बाकावर रोज सकाळी जी मंडळी बसलेली असतात ती पाहिली की त्यांच्या धंद्याचा पट उलगडतो. उडपी हॉटेलवाला, कोपऱ्यावरचा इराणी, एखाद्या नाट्यगृहाचा व्यवस्थापक, बिलियर्डचं टेबल टाकून बसलेला कुणी पारशी, थंडीत तंबू ठोकायला आलेला सर्कसवाला. जिथे चार लोक पैसे देऊन खातात किंवा मन रमवतात, तिथे पोलिसांचं लायसन लागतं, म्युनिसिपालटीचं लागतं. ते काढून देणारा, टिकवून धरणारा आणि रद्द झालं तर पुन्हा मिळवून देणारा माणूस लागतो. आमच्या भागात तो माणूस म्हणजे चिंतामणराव.

अशिलाच्या हॉटेलात जाताना ते स्वतःचं तांब्याचं फुलपात्र खिशात घालून जात. गल्ल्याशेजारच्या खुर्चीवर बसून घरून आणलेलं पाणी पीत आणि मालकाला कायदा सांगत. मी एकदा विचारलं, "चिंतामणराव, इतक्या हॉटेलांचे वकील तुम्ही, आणि एक वडा कधी खाल्ला नाहीत?"

"वहिनी," ते म्हणाले, "मी आतली मोरी पाहिली आहे."

"मग लोकांना कसं खाऊ देता?"

"ते लायसनात बसतं."

हे ते चेष्टेनं म्हणाले नाहीत. चेष्टा त्यांना येत नाही.

अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा आला तेव्हा आमच्याच गल्लीतला एक हॉटेलवाला घाबरत त्यांच्याकडे आला होता. आता कुणालाही आत घ्यावं लागणार, जुनं गिऱ्हाईक तुटेल, काय करू? चिंतामणरावांनी चष्मा पुसला आणि त्याला म्हणाले, "अहो, कायदा प्रवेश द्या म्हणतो. चहा लवकर द्या म्हणत नाही." हा सल्ला त्यांनी मला पुढे स्वतः ऐकवला, नातवानं म्हटलेला श्लोक ऐकवावा तशा कौतुकानं. त्या हॉटेलात मी पुन्हा पाऊल ठेवलं नाही. त्यानं हॉटेलवाल्याचं काही बिघडलं नाही, हेही सांगून टाकते.

पण त्यांची खरी कीर्ती झाली ती संयुक्त महाराष्ट्राच्या हरताळांत. समितीनं हरताळ पुकारला की गिरगावातला हॉटेलवाला कात्रीत सापडे. उघडं ठेवलं तर पोरं दगड मारणार. बंद ठेवलं तर पोलीस ठाण्यातून बोलावणं येणार, 'तुम्ही त्यांना सामील आहात काय?' चिंतामणरावांनी तोड काढली. दाराच्या फळ्यांपैकी एक अर्धी सरकवून ठेवायची. समितीवाले आले तर म्हणायचं, बंदच आहे, फक्त झाडलोट चालली आहे. पोलीस आले तर म्हणायचं, उघडंच आहे, गिऱ्हाईक नाही त्याला आम्ही काय करणार? हा तोडगा त्यांनी गल्लीतल्या प्रत्येक हॉटेलवाल्याला वेगवेगळा विकला, प्रत्येकाला कानात सांगून. हरताळाच्या दिवशी पाहावं तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकजात अर्ध्या फळ्या. पोरांनी तेव्हापासून त्यांचं नाव 'अर्धी फळी' ठेवलं.

ते स्वतः त्या दिवसांत गॅलरीत उभं राहून घोषणा देणाऱ्यांना हात करत. खालून कुणी "वकीलसाहेब, या की खाली!" म्हणून ओरडलं, की त्यांना आत कुणीतरी बोलावलेलं असे.

अशा माणसाच्या हाताखाली माझी मुलगी कामाला लागली.

लतिका वकिलीची परीक्षा पास झाली तेव्हा घरात पेढे आले आणि मला झोप येईनाशी झाली. आमच्या नात्यात कोर्टात उभी राहिलेली मुलगी नव्हती. मी स्वतः विल्सन कॉलेजात बी.ए. झाले, पण त्याचा उपयोग ह्यांच्या ऑफिसच्या चिठ्ठ्या वाचायला आणि मुलांचे अभ्यास घ्यायला झाला. हिला काळा कोट घालून त्या गर्दीत जायचं होतं. खालच्या मजल्यावर वकील आहे, ओळखीचे आहेत, वयस्क आहेत, मुलगी जिना उतरली की ऑफिसात आणि जिना चढली की घरात, असा हिशेब आम्ही घातला. चिंतामणराव म्हणाले, "पाठवा. हस्ताक्षर चांगलं आहे तिचं." तिच्या डोक्याबद्दल काही बोलले नाहीत.

दोन वर्षं ती त्यांचे अर्ज लिहीत होती. उपाहारगृहाला परवाना मिळावा, नाट्यगृहाच्या खुर्च्या वाढवायला परवानगी मिळावी, रात्री उशिरापर्यंत गाण्याचा जलसा चालू ठेवायला मुभा मिळावी. तिला 'काका' म्हणायची सवय, ऑफिसात 'सर' म्हणायचं, आणि जिन्यात गाठ पडली तर काय म्हणायचं ते ठरत नसे.

मग लालबागहून कौसल्याबाई आल्या.

कौसल्याबाई गावडे ह्या कणकवलीकडच्या. नवरा गिरणीत होता, तो गेला. लालबागच्या एका चाळीत दहा बाय बाराची खोली आणि पुढची गॅलरी एवढ्यावर त्या खानावळ चालवत. खानावळ म्हणजे टेबलं-खुर्च्या डोळ्यांपुढे आणू नका. एक चूल, पितळी ताटं, आणि पाळीप्रमाणे येऊन भिंतीला टेकून जेवणारे गिरणीचे कामगार. घरदार कोकणात ठेवून आलेली ही माणसं. त्यांच्या ट्रंका कौसल्याबाईंच्या माळ्यावर, त्यांची गावाकडची पत्रं कौसल्याबाईंच्या पत्त्यावर. कुणाला ताप आला तर पेज त्याच करून देत. सगळे त्यांना मावशी म्हणत.

त्यांच्याबरोबर सीताराम आला होता. त्यांच्याच गावचा, गिरणीत सूतकताईच्या रिंग खात्यात कामाला. त्यानंच बोलायला सुरुवात केली.

"मालकाची नोटीस इली हा. खोली राहूक दिलेली, तुम्ही हॉटेल काढलात, म्हणून खाली करा म्हणता. मावशेक खोली सोडूची लागली तर आमी जेवूचा खय, आणि मावशेन जावचा खय?"

मालकाला खोली का हवी होती ते उघड होतं. जुनी भाडेकरीण गेली की नव्याकडून पागडी मिळते. कौसल्याबाईंना गावी घर उरलं नव्हतं, दिरानं ते केव्हाच गिळलं होतं. खोली गेली तर त्यांना रस्ताच होता.

"हॉटेल नाय माझा," कौसल्याबाई म्हणाल्या. "चूल आसा."

चिंतामणरावांनी हॉटेल एवढाच शब्द ऐकला. बाकी त्यांना ऐकू आलं नसावं. बाई, तुम्ही योग्य जागी आलात, म्हणाले. तुमच्याकडे लायसन नाही, म्हणून मालकाची हिंमत झाली. आपण लायसन काढू. रीतसर उपाहारगृह करू. मग बघू कोण काय म्हणतं!

लतिका त्या संध्याकाळी वर आली ती धुमसतच.

"आई, काका चुकताहेत गं."

"चुकत असतील. तू हळू बोल, खाली ऐकू जाईल."

"अगं, मालक म्हणतोय काय? खोली राहायला दिली होती, हिनं तिथे धंदा काढला. त्याला उत्तर हेच, की हा धंदा नाही, घर आहे. आणि काका काय करताहेत? तर धंद्याचं लायसन काढून देताहेत! म्हणजे चोरीचा आळ आला म्हणून चोराचे कपडे शिवून अंगात घालायचे."

"मग सांग ना त्यांना."

"सांगितलं. म्हणाले, बेटा, ह्या शहरात मी लायसन काढत होतो तेव्हा तू पाळण्यात होतीस."

मी तिला गप्प बस म्हटलं. तिच्यासाठी एक स्थळ चाललं होतं आणि मुलाचे वडील चिंतामणरावांच्या ओळखीचे होते. आईच्या डोक्यात एकाच वेळी किती डबे रचलेले असतात ते मुलींना कळत नाही.

चिंतामणरावांनी अर्ज केला. लायसन येणारच, अशी खात्री असल्यामुळे त्यांनी ते यायच्या आधीच पाटी रंगवून घेतली. गिरगावातल्या सुशिक्षित माणसाला पाटी लावल्याशिवाय काही सुरू झाल्यासारखं वाटत नाही. नुसती पाटीही पुरत नाही, उद्घाटन लागतं. एका रविवारी ते घोड्याची व्हिक्टोरिया करून लालबागला गेले, पांढरी टोपी घालून, नारळ घेऊन. लतिका जाणार म्हणून मीही गेले.

पाटीवर लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'कौसल्या आरोग्य भोजनालय'. खाली लहान अक्षरांत, 'सर्वांचे स्वागत'. ती गॅलरीच्या कठड्याला खिळ्यांनी ठोकली. मग चिंतामणरावांनी स्वच्छता आणि स्वावलंबन ह्यांवर भाषण केलं. गॅलरीत पंचवीसेक माणसं जेवायला येऊन उभी होती. भाषण संपेना. आत चुलीवर भात होता आणि कौसल्याबाई हातात पळी घेऊन एकदा वकिलांकडे, एकदा चुलीकडे बघत होत्या.

सीताराम शेजारच्याला म्हणाला, "ह्यो जेवान घालतलो, काय भाषाणानच पोट भरतलो रे?"

"गप रे, लायसन जाईल," तो म्हणाला आणि सगळे खसखसले. चिंतामणरावांना वाटलं भाषण रंगलं.

ते एकदाचे थांबले तेव्हा कौसल्याबाईंनी दारातून हाक मारली, "आनंदा, तू पुढे ये. तुका दुसऱ्या पाळीक जावचा आसा." गर्दीच्या मागून एक उंच, किडकिडीत तरुण पुढे आला आणि ताट घेऊन बसला. हा आनंदा कांबळे, नायगावच्या चाळीतला. संयुक्त महाराष्ट्राच्या दंगलीत गोळीबार झाला त्या आठवड्यात सगळी हॉटेलं बंद होती, आणि भावाच्या खोलीत नुसता झोपायला असलेला हा मुलगा उपाशी होता. सीतारामच्या खात्यात काम करणारा. सीताराम त्याला मावशीकडे घेऊन आला. त्या दिवशी दोघा जणांनी आपली ताटं उचलली आणि ते दुसऱ्या खानावळीत गेले. कौसल्याबाईंनी त्यांना थांबवलं नाही. पुढे आनंदानं बौद्ध धर्म घेतला. त्या दिवशीही तो जेवायला त्याच भिंतीला टेकून बसला होता.

हे मला सीतारामनं तिथेच, जिन्यात सांगितलं. चिंतामणरावांना कुणी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. ते आपलं फुलपात्र तोंडाला लावून उभे होते.

लायसन आलं नाही. म्युनिसिपालटीचा माणूस आला, धुराडं नाही, वेगळी मोरी नाही, असं म्हणून गेला. पाटी मात्र राहिली. ज्यांना वाचता येत होतं ते चार दिवस हसले, मग त्यांना तिचा उपयोग सापडला. गॅलरीत कपडे वाळत घालायला जागा कमी पडे. पाटी चांगली रुंद होती.

आणि मालकाचं भाडं वसूल करणाऱ्या मेहतानं पाटीचा फोटो काढून घेतला.

खटला धोबीतलावच्या स्मॉल कॉजेस कोर्टात उभा राहिला. मी डबा घेऊन मागच्या बाकावर जाऊन बसले. लतिकाला दुपारी खायला लागतं आणि तिथलं काही खाऊ नये, हे कारण पुरेसं होतं. मालकाच्या वकिलांनी पहिल्याच फटक्यात तो फोटो पुढे केला. हे पाहा साहेब, पाटी. हे पाहा, सर्वांचे स्वागत. अजून कसला पुरावा हवा?

चिंतामणरावांना तेव्हा, कोर्टात उभं राहिल्यावर, खटला कळला. चेहऱ्यावरून कळलं की कळला. वेळ मागून त्यांनी कौसल्याबाईंना बाहेरच्या व्हरांड्यात नेलं. मी जवळच होते.

"हे बघा बाई, आता असं म्हणायचं. हॉटेल नाही. जेवतात ते सगळे माझे भाचे-पुतणे. एक कुटुंब."

"बरा."

"आणि तो कोण तुमचा, उंचसा, नायगावचा. त्याचं नाव घ्यायचं नाही. विचारलं तर ओळखत नाही म्हणायचं."

"ओळखत नाय?" कौसल्याबाई म्हणाल्या. "रोज जेवता तो."

"अहो, कोर्टात असं बोलायचं असतं. तो तुमच्या कुटुंबातला आहे हे कोण मानेल? एवढं एक नाव सोडलंत की खोली वाचते."

कौसल्याबाई पदर सावरून आत निघाल्या. लतिका माझ्याकडे बघत होती. मी डब्याचं झाकण घट्ट केलं.

साक्ष झाली ती अशी. मालकाचे वकील हुशार होते, त्यांनी कामगारांची नावं आधीच गोळा केली होती. एकेक नाव घेऊन ते विचारत गेले. हा कोण? गावचो. हा? भाचो. हा? ह्याची आजी आमच्या वाडीतली. मग ते थांबले आणि म्हणाले, "आनंदा कांबळे कोण?"

चिंतामणराव खोकले.

"माझ्याकडे जेवता," कौसल्याबाई म्हणाल्या.

"तुमच्या गावचा?"

"नाय. तो साताऱ्याकडचो."

"नात्याचा?"

"नाय."

"जातीचा?"

कौसल्याबाईंनी एकदा चिंतामणरावांकडे पाहिलं.

"नाय. तो बुद्ध झालो."

वकील जज्जसाहेबांकडे वळले. "गावचा नाही, नात्याचा नाही, जातीचा नाही. मग तो गिऱ्हाईक नाही तर कोण? आणि तो येतो तर उद्या कुणीही येईल. बाई, उद्या मी तुमच्या दारात आलो, पैसे पुढे ठेवले आणि जेवायला वाढा म्हटलं, तर वाढाल की नाही?"

"नाय."

"का?"

"तुमका कोण ओळखता?"

मागच्या बाकांवर हशा पिकला. सीताराम तर टोपी तोंडात धरून हसला. वकील तांबडेलाल झाले. जज्जसाहेब मात्र हसले नाहीत, पुढे वाकले. मध्यमवयीन, थकल्या चेहऱ्याचे गृहस्थ होते.

"म्हणजे काय बाई? नीट सांगा. कुणाला जेवायला घालता आणि कुणाला नाही?"

"माझ्या माणसांनी कुणाक हाडल्यानी, तर तो जेवता," कौसल्याबाई म्हणाल्या. "म्हणजे, कुणीतरी घेऊन यायला लागतं साहेब. ज्यानं आणलं त्यानं सांगायचं, हा माझा. आनंदाक सीतारामान हाडल्यान. मग तो दारू पिऊन इलो, भांडलो, ट्रंकेक हात लायल्यान, तर मी सीतारामाक धरतंय. रस्त्यावरचो माणूस इलो तर मी कुणाक धरू? रात्री माझ्या खोलीत बारा जणांच्या ट्रंका आसत. नवो माणूस कसो घेऊ?"

"आणि कुणी आणलं, पण तुम्हाला तो माणूस पसंत नसला तर?"

"तर नाय. चूल माझी."

जज्जसाहेबांनी काहीतरी लिहून घेतलं. हॉटेल म्हणजे काय, तर जिथे पैसे ठेवून कुणालाही बसता येतं ती जागा. आणि ह्या बाईच्या दारात पैसे ठेवून कुणालाच बसता येत नव्हतं. लतिकानं मला हे रात्री समजावून सांगितलं, पण मला ते तिथेच कळलं होतं. मलाच काय, पट्टेवाल्यालाही कळलं होतं.

"ते ठीक," जज्जसाहेब म्हणाले. "पण मग ही पाटी? सर्वांचे स्वागत, असं स्वतः लिहून लावलं आहे तुम्ही." त्यांनी फोटो उजेडात धरला. "आणि हिच्यावर हे काय आहे?"

"सीतारामाचो बनियान," कौसल्याबाई म्हणाल्या.

आता मात्र जज्जसाहेबही हसले. "चिंतामणराव, ही पाटी कुणी लावली?"

ह्या एका प्रश्नावर ती खोली लटकत होती. पाटी बाईंनी आपल्या मनानं लावली असेल, तर त्यांनी सगळ्या जगाला आत बोलावलं होतं आणि वरचं सगळं बोलणं फोल होतं. वकिलानं लावली असेल, तर ती पाटी नुसती वकिलाच्या अकलेची साक्ष होती. चिंतामणरावांनी खरं एक वाक्य बोलायचं होतं. मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होते, तरी मला त्या क्षणी वाटलं की बोलतील. बाई समोर उभी आहे, तिची माणसं मागे बसली आहेत, बोलतील.

त्यांनी गळ्याचे पांढरे बंद सारखे केले. "महाराज, माझी अशील अशिक्षित आहे. कुणीतरी भलत्यानंच तिची दिशाभूल केलेली दिसते."

"भलत्यानं म्हणजे कुणी?"

"त्याबाबत अशिलाकडून मला सूचना नाहीत."

लतिका उभी राहिली. मला तिला कोटाला धरून खाली ओढावंसं वाटलं, पण मध्ये चार बाकं होती.

"पाटी आमच्या ऑफिसानं लावली," ती म्हणाली. "रंगवायला मीच टाकली होती, सरांच्या सांगण्यावरून. बाईंना ती वाचताही येत नाही."

"खाली बस," चिंतामणराव दातांतून म्हणाले.

जज्जसाहेबांनी तिला विचारलं की हे तुम्ही वकील म्हणून सांगता की साक्षीदार म्हणून? साक्ष द्यायची असेल तर ह्या खटल्यातलं वकीलपत्र सोडावं लागेल आणि पिंजऱ्यात यावं लागेल. विचार करा, घाई नाही.

तिनं विचार केला असेल तर तो मला दिसला नाही. गळ्याचे बंद सोडून तिनं टेबलावर ठेवले आणि ती पिंजऱ्यात जाऊन उभी राहिली. माझी मुलगी, पिंजऱ्यात. मी सगळ्या देवांची नावं घेतली आणि शेजारच्या बाईनं मला पाणी दिलं.

मालकाच्या वकिलांनी तिला सोलून काढायचा प्रयत्न केला. "तुम्ही ह्यांच्याच ऑफिसात काम करता ना? मग ऑफिसला सोयीचं तेच सांगणार!"

"आजपर्यंत करत होते," लतिका म्हणाली. "आणि हे ऑफिसला सोयीचं आहे का, ते तुम्ही सरांना विचारा."

सगळ्यांनी चिंतामणरावांकडे पाहिलं. ते कागद जुळवत होते. त्यांच्यापुढे एकच कागद होता.

निकाल महिन्याभरानं लागला. दावा काढून टाकला. खोलीत राहणारी बाई ओळखीच्या माणसांना रांधून घालते म्हणून खोलीचं हॉटेल होत नाही, पाटी भाडेकरणीची नव्हे, असं जज्जसाहेबांनी लिहिलं होतं. इंग्रजीतला निकाल लतिकानं मराठीत सांगितला. कौसल्याबाईंनी सगळा ऐकून घेतला आणि विचारलं, "म्हणजे खोली माझी रवली?"

"राहिली मावशी."

"मग मी जातंय. तीनची पाळी सुटतली." आणि त्या खरोखर निघाल्या. जाताना लतिकाच्या गालावरून हात फिरवला, एवढंच.

सीतारामनं मात्र हार आणला होता. भोळा माणूस. वकील जिंकले की वकिलाला हार घालायचा, एवढंच त्याला ठाऊक. तो हार कुणाला घालावा ह्या विचारात क्षणभर थांबला, आणि तेवढ्यात चिंतामणरावांनी मान पुढे केली. मी पाहिलं. त्यांनी हार घालून घेतला, दोन्ही हात जोडले, आणि लतिकाला म्हणाले, "ती माझी पिशवी घे बरं."

तिनं घेतली नाही. साक्षीच्या दुसऱ्या दिवसापासूनच ती खाली गेली नव्हती, आणि त्यांनी बोलावलं नव्हतं. स्थळाकडून निरोप आला की मुलगी फार पुढारलेली आहे. तो निरोप कुणाच्या जिभेवरून आला ते मला कुणी सांगायला नको.

चिंतामणरावांचं काही वाकडं झालं नाही, हे मी लिहिलंच पाहिजे. उपाहारगृहवाल्यांच्या सभेत त्यांनी 'खानावळ आणि कायदा' ह्या विषयावर व्याख्यान दिलं. त्यात 'माझा लालबागचा खटला' चार वेळा आला. तुमका कोण ओळखता, हे वाक्यही त्यांनी सांगितलं, पण ते आपण बाईंना शिकवलं होतं असं सांगितलं. टाळ्या पडल्या. परवा संयुक्त महाराष्ट्र मिळाला तेव्हा गल्लीतल्या रोषणाईला पोलिसांची परवानगी त्यांनीच काढून दिली आणि मंडपात त्यांना पहिली खुर्ची होती. अशा माणसांना पहिली खुर्ची मिळते, ह्याचं आताशा मला आश्चर्य वाटत नाही. ती खुर्ची त्यांच्यासाठीच केलेली असते.

लतिकाला कुणी ऑफिस दिलं नाही. लालबाग-करी रोडच्या मालकांनी एका दाव्यात हरून शहाणपण घेतलं नाही, उलट सगळ्याच खानावळवाल्या बायांना नोटिसा धाडायला सुरुवात केली. त्या बाया आता आमच्याकडे येतात. सीतारामच त्यांना घेऊन येतो. जिना चढून, काष्टा सावरत, दारातच चपला काढून. आमचं स्वयंपाकघर हेच लतिकाचं ऑफिस. ती घरी नसली की मला त्यांच्याशी बोलत बसावं लागतं, आणि भाजी करपते.

चिंतामणराव एकदा वर आले. म्हणाले, "वहिनी, इमारतीला काही प्रतिष्ठा आहे. ह्या बाया जिन्यात तंबाखू थुंकतात. शिवाय घरात ऑफिस चालवायचं तर मालकाची परवानगी लागते. मी शेजारी म्हणून सांगतो."

"शेजारी म्हणून सांगता की मालकाचे वकील म्हणून?" मी विचारलं.

ते तसेच जिना उतरून गेले. ते मालकाकडे जातील, ही भीती मला रोज वाटते. ह्यांची नोकरी संपत आली आहे, मुलीचं लग्न नाही, आणि तिच्या ह्या अशिलांकडून जास्तीत जास्त सुकट आणि कुळीथ येतात. मी घाबरट बाई आहे. दारावर थाप पडली की मी आधी फटीतून पाहते.

काल दुपारी पुन्हा थाप पडली. परळची कुणी बकुळाबाई होती, पदराच्या टोकात नोटीस बांधून आणलेली. लतिका कोर्टात गेली होती. मी बकुळाबाईला पाट दिला, पाणी दिलं. स्टोव्ह विझवला, चष्मा शोधला, आणि तिची नोटीस तिला पहिल्या ओळीपासून वाचून दाखवली.